ग्लोब ‘जसंच्या तसं’ उभं नाही

‘शेक्सपिअरची नाटकं जिथे झाली ते लंडनचं ग्लोब चारशे वर्षं जसंच्या तसं उभं आहे. गोल बांधणी, गवती छप्पर, सगळं मूळचं. वारसा जपावा तर इंग्रजांनी!’ असं एक फॉरवर्ड फोटोसकट फिरतंय. फोटो खरा आहे. बाकीचं एकेक बघू.

‘चारशे वर्षं उभं’: फोटोतली वास्तू १९९७ साली खुली झाली. मूळ ग्लोब १५९९चं, आणि तेसुद्धा जुन्या लाकडांचं. शोरडिचमधल्या ‘द थिएटर’च्या जागामालकाशी वाजलं, तेव्हा शेक्सपिअरच्या नटमंडळींनी पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला हाताशी धरून १५९८च्या डिसेंबरात ते नाट्यगृहच उतरवलं आणि त्याच्या तुळया थेम्सच्या दक्षिणेला नेल्या. २९ जून १६१३ला ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली आणि छपराने पेट घेतला. माणसं वाचली. एकाची विजार पेटली ती बियर ओतून विझवली, असं सर हेन्री वॉटन या त्या काळच्या मुत्सद्द्याच्या पत्रात आहे.

‘मूळचं गवती छप्पर’: आगीतून शहाणपण घेऊन १६१४चं ग्लोब कौलारू बांधलं. म्हणजे खरोखर जपलं असतं, तर फोटोत कौलं दिसली असती! आजच्या गवतावर पाण्याचे स्प्रिंकलर आहेत, कारण १६६६च्या महाआगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला बंदीच होती आणि या छपरासाठी खास परवानगी काढावी लागली.

‘गोल’: लाकडी सांगाड्याला गोलाई कुठली? ती बहुकोनी इमारत. नव्या ग्लोबला वीस बाजू दिल्या, त्या अंदाजाने. शेजारचं रोझ हे नाट्यगृह उत्खननात चौदा बाजूंचं निघालं, आणि त्याच काळातलं कर्टन नाट्यगृह तर २०१६मध्ये चक्क आयताकृती निघालं.

राहिलं जपणुकीचं कौतुक. १६४२ला पार्लमेंटने नाटकं बंद केली आणि पुढे दोन-तीन वर्षांत ग्लोब पाडून टाकलं. नवं उभारण्याचा ध्यास घेतला तो सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाने. १९४९ला तो ग्लोब शोधत आला, तर दारूभट्टीच्या भिंतीवर एक पाटी तेवढी सापडली. १९७०पासून तो पैशासाठी आणि परवानग्यांसाठी झगडला आणि १९९३ला, काम पुरं होण्याआधीच, गेला. १९८९ला रोझचे अवशेष निघाले तेव्हा त्यांवर ऑफिसची इमारत येणार होती. नटनट्या रस्त्यावर उतरल्या म्हणून अवशेष वाचले, इमारत मात्र त्यांच्या डोक्यावर झालीच. त्याच वर्षी ग्लोबचा पायाही सापडला, नव्या वास्तूपासून दोनेकशे मीटरवर. त्याचा जेमतेम विसावा हिस्सा खणता आला. बराचसा भाग अँकर टेरेस या इमारतीखाली आहे, आणि ती इमारत स्वतःच संरक्षित असल्याने पाडता येत नाही.