‘नेट नळातून येत नाही’ या वाक्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री शटर ओढता ओढता वाचला आणि रविवारी सकाळी तुमच्या दारात उभा राहिलो, ते तुम्हाला माहीत आहेच. घरी सगळं बोलून झालंय. तरी इथं लिहितोय, कारण तुमची तक्रार चारचौघांत आहे, मग उत्तरही चारचौघांतच दिलं पाहिजे. घर कुठल्या भागात आहे वगैरे काही लिहीत नाही.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ताईंचा राउटर खालच्या हॉलमध्ये आहे आणि ऑफिसचं काम वरच्या खोलीत, वायरवर चालतं. वरच्या जॅकची (केबलच्या टोकाच्या प्लगची) क्लिप तुटली होती म्हणून आमच्या दुकानात कामाला असलेल्या मुलाला बोलावलं. त्यानं दोन्ही टोकांना नवीन जॅक मारले. तेव्हापासून नेट अधूनमधून जायला लागलं. आम्ही आणखी दोनदा आलो, एकदा अ‍ॅडॅप्टर बदलला, एकदा नवीन स्विच (एका केबलवरून अनेक कनेक्शनं देणारा डबा) बसवला, तिन्ही खेपांचे मिळून २,५०० रुपये घेतले. नेट जायचं ते जातच राहिलं. ताईंनी सांगितलं होतं, ‘नळाला पाणी आलं की नेट जातं.’ त्यावर आमचा मुलगा हसून म्हणाला, ‘मॅडम, नेट नळातून येत नाही.’ एक स्टार.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी मुलाला विचारलं, तो ‘हो, म्हणालो’ म्हणाला.

सोलापूरच्या माणसाला हे वाक्य ऐकून हसू यायलाच नको होतं, ही खरी गोष्ट आहे. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर मोटर लावतं, हौदातून टाकीत चढवतं, कुणी थेट नळालाच मोटर लावतं (कोण ते विचारू नका). ‘पाणी आलं की नेट जातं’ याचा अर्थ ‘मोटर चालली की नेट जातं’ एवढाच होता. गिऱ्हाइकानं पहिल्याच वाक्यात दुखणं सांगितलं होतं आणि आम्ही अ‍ॅडॅप्टर विकत बसलो.

अ‍ॅडॅप्टरची कल्पना अगदीच वेडगळ नव्हती, हे मात्र सांगतो. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं. राउटरचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जुना झाला असेल तर तेवढ्यात राउटर बंद होऊन परत सुरू होतो, आणि मग नेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात. अशा घरी आम्ही महिन्यातून एकदा तरी जातो. पण तसं असेल तर राउटरचे सगळे दिवे एकदम जाऊन परत येतात. तुमच्याकडं तसं होतं का, हे बघायला मोटर चालू करून राउटरसमोर पाच मिनिटं उभं राहावं लागतं. तेवढं कुणी राहिलं नाही. मी रविवारी राहिलो. फायबरच्या डब्यावर हिरवा दिवा स्थिर, तांबडा कुठं नाही, म्हणजे बाहेरून येणारी लाईन ठीक. राउटर चालू, मोबाइलवर वायफाय चालू. फक्त वरच्या खोलीकडं जाणारी केबल राउटरला जिथं लागते त्या पोर्टचा दिवा मोटर लागल्यावर विझला, दहा सेकंदांनी आला, परत विझला. तुम्ही जिन्यातून म्हणालात, ‘बघा, गेलं.’

म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीचा संबंध नव्हता. आमच्या मुलानं तुम्हाला कंपनीकडं तक्रार करायला लावली, त्यांचा माणूस येऊन हात हलवत परत गेला, तुमची एक अर्धी रजा गेली. याचीही माफी मागतो.

आता दुसरी खूण, जी तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिली आणि आम्हाला तिन्ही खेपांना दिसली नाही. ‘प्लॅन २०० चा आहे, आधी वर १९० यायचं, तुम्ही आल्यापासून ९४ च्या पुढं जात नाही.’ ताई, हा ९४ आकडा आमच्या धंद्यात रोग्याच्या तापासारखा आहे. हे सगळे आकडे एमबीपीएसचे, म्हणजे नेटच्या वेगाचे. वायरवरचं कनेक्शन हजारऐवजी शंभरवर बसलं की स्पीड टेस्टला ९३-९४ च मिळतं, बाकीचं डेटाच्या वेष्टनातच जातं. एकदा ८०, एकदा १५० असं आलं तर कारणं पन्नास असतात. नेहमी ९४ आलं तर केबलकडंच बघायचं. शंभरला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोन पुरतात, हजारला चारही धडधाकट लागतात.

तरी केबल तपासायच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागत होते. मुलानं तुम्हाला ते दाखवून ‘केबल ओके’ सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. दोनशे-तीनशे रुपयांचा तो टेस्टर एवढंच सांगतो की इकडची एक नंबरची तार तिकडं एक नंबरलाच पोचते. कोणती तार कुणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला दिसत नाही. आणि चूक नेमकी तिथं होती.

आठ तारा म्हणजे चार जोड्या, प्रत्येक जोडीला स्वतःचा पीळ. सुताच्या गावात पिळाचं महत्त्व मी काय सांगू! बाहेरचा विजेचा गोंधळ जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि पलीकडं दोघींमधला फरक तेवढा मोजतात, म्हणून गोंधळ आपोआप गळून जातो. पण त्यासाठी जोडी जोडीनंच राहायला हवी. जॅकमध्ये एक-दोन ही एक जोडी, चार-पाच एक, सात-आठ एक, आणि तीन-सहा एक. ही तीन-सहाच सगळ्यांना फसवते, कारण ती शेजारी शेजारी नाही. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते. आमच्या मुलानं नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी अशी सरळ ओळ लावली. दिसायला छान, दोन्हीकडं सारखी, टेस्टर खूश. पण तीन नंबरला हिरव्या जोडीतली तार आली आणि सहाला निळ्या जोडीतली. दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. शेजारून मोटरची वायर जाते, ती लागली की यांच्यावर जो गोंधळ पडतो तो गळत नाही.

मोटर बंद असताना हे सगळं शंभरवर बरं चालतं. म्हणून चार दिवस नेट ठीक आणि पाचव्या दिवशी गायब.

तुमच्या भाच्यानं पुण्याहून येऊन जिन्यावरून सुटी केबल सोडली आणि पाण्याची एक पाळी नेट न जाता काढली. माझ्या मुलांना हेच शिकवायला पाहिजे होतं. संशयाची वस्तू बाजूला काढून तिच्या जागी खात्रीची लावून बघायची, दहा मिनिटांचं काम. फक्त त्याचा निष्कर्ष, की भिंतीतली केबल गेली, मला पटला नाही आणि मी त्याला फोनवर तसं सांगितलं. हीच केबल, हाच पाइप, हीच मोटर तीन वर्षं गुण्यागोविंदानं नांदत होती. बिघडलं ते आम्ही जॅक मारल्या दिवसापासून. तिसऱ्या खेपेला आमच्या मुलानं ‘घर बांधताना इलेक्ट्रिशियननं वायरिंग चुकवलंय’ असं सांगितलं, ते मी मागं घेतो. त्या इलेक्ट्रिशियननं लाईटच्या पाइपातूनच नेटची केबल ओढली हे बरं केलं नाही, पण तुमचं नेट त्यानं नाही, आम्ही बिघडवलं.

रविवारी काय केलं तेही लिहितो. जॅक कापायच्या आधी मोटर लावून वरच्या लॅपटॉपवरून राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या त्याच्या पत्त्याला, सलग दहा मिनिटं पिंग लावला, म्हणजे दर सेकंदाला ‘आहेस का?’ असं विचारायला लावलं. ६०० पैकी ७१ उत्तरं आली नाहीत. घरातल्या घरात, बारा-तेरा मीटरवर! मग दोन्ही जॅक कापून बरोबर क्रमानं मारले, पीळ जॅकच्या तोंडापर्यंत ठेवला. कनेक्शन लगेच हजारवर बसलं. परत मोटर, परत दहा मिनिटं, ६०० पैकी ६००. स्पीड १९२. त्यापुढं हौदात पाणी नव्हतं म्हणून मोटर बंद करावी लागली.

कुणाच्या घरी असं होत असेल तर राउटरला पिंग लावून बघा. तिथंच अडखळत असेल तर दोष घरात आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत साफ आणि पुढं अडखळत असेल तर खुशाल भांडा.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही लिहिलंय की सामान खपवण्यासाठी मुद्दाम बिघाड ठेवला. नाही हो. मुद्दाम करायला आधी रंगांचा क्रम नीट माहीत असावा लागतो. त्याला तो माहीत नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तो कॅमेऱ्याच्या कामावरून आमच्याकडं आला, आणि मी त्याला जॅक मारताना एकदाही शेजारी बसून बघितलं नाही. पहिली खेप गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या आठवड्यातली, निम्मी पोरं सुट्टीवर, रस्ते बंद. पण त्या आठवड्यात काम घेतलं ते मीच. दोष अडाणीपणाचा आणि माझ्या दुर्लक्षाचा आहे, लबाडीचा नाही. ‘खेप वाया गेली तरी पैसे घेतले’ हे म्हणाल तर तिथं मान खाली.

पैशांचा हिशोब: अ‍ॅडॅप्टर ३५०, स्विच १,२५०, तीन खेपांचे ९००. सगळे २,५०० रविवारीच परत केले. स्विच मी काढून आणला, तुम्हाला त्याची गरज नव्हती. अ‍ॅडॅप्टर तुमच्याकडंच राहू द्या, जुना खरंच गरम होत होता.

आणखी एक. केबल खरवडून बघितली तर वरून तांबूस, आतून पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती वाकवली की तुटते आणि प्रत्येक वेळी जॅक कापला की आखूड होते. आत्ता ती चालतेय, त्यामुळं बदलाच असं मी म्हणणार नाही, या महिन्यात तर मुळीच नाही. आमच्याकडून आणखी काही घ्यायला सांगायला मला तोंड नाही. पण लाईटची वायर आणि नेटची केबल एका पाइपात असणं धोक्याचंच. एखाद्या वायरीचं वेष्टन कधी वितळलं तर करंट थेट लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. उन्हाळ्याआधी कधीही सांगा, शुद्ध तांब्याची केबल वेगळ्या पट्टीतून ओढून देतो, मजुरी घेणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी हरकत नाही, फक्त खोक्यावर काय छापलंय ते न बघता टोक खरवडून बघा.

मुलाला कामावरून काढलेलं नाही, तुम्हीच नको म्हणालात. या आठवड्यात तो दुकानात बसून जॅक मारतोय आणि मी कापतोय.

स्टार बदलायला मी सांगणार नाही. दहा मिनिटांची मोटर म्हणजे पाण्याची पूर्ण पाळी नव्हे. तुमच्याकडं पुढचं पाणी गुरुवारी पहाटे आहे म्हणालात. मोटर लावायच्या आधी एक फोन करा. मी येऊन वरच्या खोलीत बसतो, टाकी भरेपर्यंत.