आमच्या बोडीकाठचा दवबिंदू

किडे पकडून खाणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपवरचा तुमचा लेख आवडला. फक्त अमेरिकेतल्या दोन कॅरोलिना राज्यांच्या रेताड, ओलसर माळांवर रानात उगवणारी ही वनस्पती. नॉर्थ कॅरोलिनात ती चोरून उपटणं २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे. वाचताना आमच्या गोंदिया जिल्ह्यातली गावची बोडी, म्हणजे लहान तळं, आठवली.

भाताचा रोवणा (लावणी) आटोपला, पाणी ओसरू लागलं की बोडीच्या वरच्या अंगाला, गवतही धड उगवत नाही अशा रेतीमिश्रित मुरमाड जागेवर दवबिंदू ही आपल्याकडची कीटकभक्षी वनस्पती दिसते. रुपयाच्या नाण्याएवढा, जमिनीला चिकटलेला तांबूस चकता. गुडघे टेकून पाहा: पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकासारखा थेंब. चिलट बसलं की कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. मातीत नत्र नाही, म्हणून किड्यातून घ्यायचं. त्याच माळावर खत पडलं की गवत माजतं आणि हा बिचारा सावलीत मरतो.

आणि अशा जागेला आपण म्हणतो पडीक! मागच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी तिथला मुरूम जेसीबीनं उचलला. पावसाळ्यानंतर दोनदा गेलो, एकही रोप दिसलं नाही. बी मातीत असतं, ती मातीच गेली.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातलं झुडपी जंगल, म्हणजे सरकारी नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन, हे वनच मानलं, याचा मला फार आनंद झाला. पण बोडीकाठचे असे तुकडे त्यात मोडतीलच असं नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत ते जागेसकट लिहून घ्या. आमच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे.