निळ्या प्रकाशापलीकडचे यान

ठाण्यात नौपाड्याला राहणारा माझा एक शाळासोबती दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या आपल्याच विज्ञानमालिकेची सध्या कादंबरी करतो आहे, आणि त्यावरून आमच्या जुन्या मित्रमंडळीत दोन तट पडले आहेत. मालिकेची कादंबरी म्हणजे छोट्या पडद्याचे उष्टे, हे एका तटाचे म्हणणे मला पटत नाही. श्री. ना. पेंडशांनी आपल्या 'गारंबीचा बापू'चे नाटक केले, ते आपण मानाने पाहिले. मग प्रवास उलट्या दिशेने झाला की एकदम सोवळे का आठवावे?

मालिका जतन करायची तर पुस्तक हवेच, असे म्हणणारा दुसरा तट मात्र मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो म्हणून मलाच साक्षीला उभे करतो. बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या कथा येथे एका पिढीने पुस्तकांतून वाचल्या. 'टार्गेट' या प्रकाशनाची ही पुस्तके १९७३पासून निघू लागली आणि त्यांतली साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. हे सारे खरे असले, तरी त्यामागचे कारण वेगळे होते. जुने भाग पुन्हा क्वचितच दाखवले जात, घरी ते पाहण्याची सोय नव्हती, आणि बीबीसीने कित्येक फिती पुसून पुन्हा वापरल्या होत्या. माझ्या मित्राची मालिका आज कोणालाही लोकलमध्ये बसून मोबाइलवर पाहता येते, तेव्हा केवळ जतनासाठी पुस्तक, हा युक्तिवाद ठाण्यात टिकत नाही.

मला अधिक जवळचे वाटते ते 'टार्गेट'च्याही आधीचे, 'डॉक्टर हू'चे १९६४चे पहिले पुस्तक. ते लिहिणारे डेव्हिड व्हिटेकर स्वतः मालिकेचे कथा-संपादक होते, तरी त्यांनी पडद्यावरची सुरुवात बाजूला सारली. धुक्यातल्या मोटार अपघातापासून आरंभ केला आणि सारी कथा इयान या शिक्षकाच्या तोंडून सांगितली. पटकथा हाताशी असताना ती अशी मोडायला धीर लागतो.

मित्राच्या खर्ड्यात नेमका तोच कमी पडला आहे. दर प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दचकून मागे वळते, कारण मूळ संहितेत तेथे जाहिराती होत्या. ठाण्याच्या खाडीत परग्रहावरचे यान उतरते, त्या प्रसंगी त्याने लिहिले आहे, "सगळे जण निळ्या प्रकाशाकडे पाहत राहिले." त्या प्रकाशात त्यांना काय दिसले, असे मी फोनवर विचारले. तो म्हणाला, "अरे, काय दिसणार? यान बांधायला पैसेच नव्हते. दिव्यावर निळा जिलेटिन लावला होता."

कागदावर यान बांधायला किती खर्च येतो, असे मी म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. गेल्या रविवारी ते प्रकरण पुन्हा आले आहे. आता त्यात ओहोटी लागलेली आहे, चिखलाचा वास आहे, आणि रोहित पक्ष्यांचा थवा उडाल्यानंतरही त्यातला एकच पक्षी जागचा हललेला नाही.