‘एलएलपी काढून दिली आणि वाऱ्यावर सोडलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल ऑफिसात सगळ्यांसमोर तो मोठ्याने वाचला आणि मग २०१८ पासूनची फाइल काढून बसले. म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमच्या व्यवहारांचे आकडे मी इथे मांडणार नाही, तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. भावाभावांत पुढे वाद नकोत म्हणून यांनी २०१८ साली आमच्याकडून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) नोंदवून घेतली आणि तिच्या नावावर पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला एक फ्लॅट आणि एक गाळा घेतला. दरवर्षीचे फॉर्म राहिल्याचं पुढे कळलं आणि २०२२ च्या जानेवारीत लाखाच्या वर दंड भरावा लागला. अलीकडे फ्लॅट विकला, तेव्हा दुसरं घर घेऊनही कर वाचत नाही असं समजलं. गावाकडची जमीनही एलएलपीच्या नावावर घेता आली नाही. आता नवे सल्लागार म्हणतात की सुरुवातीलाच प्रायव्हेट लिमिटेड काढायला हवी होती.

दंडाबद्दल आधी बोलते, कारण तिथे चूक आमची आहे. एलएलपीला व्यवहार असो वा नसो, दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) हा ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेब) हा ३० ऑक्टोबरपर्यंत भरावाच लागतो. तेव्हा उशिराला एका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागायचे आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. एक फॉर्म वर्षभर राहिला तरी ३६,५०० रुपये. हे दर एप्रिल २०२२ पासून बदलले, पण तुम्ही त्याआधीच भरून बसला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कोविडच्या वर्षी सरकारने एलएलपींसाठी सवलत योजना आणली होती. थकलेले फॉर्म ३१ डिसेंबर २०२० पर्यंत विलंब शुल्काशिवाय भरता येत होते. तुमचे २०१९-२० चे फॉर्म त्या मुदतीत सहज गेले असते. आम्ही ते तुम्हाला कळवल्याचं एकही पत्र, एकही मेल मला सापडला नाही.

कागदावर पाहिलं तर तुम्ही आम्हाला फक्त नोंदणीचं काम दिलं होतं, वार्षिक काम दिलं नव्हतं. पण पहिल्या वर्षीचे फॉर्म आम्हीच भरले होते. मग पुढेही हेच बघतील असं तुम्हाला वाटलं, यात तुमचं काय चुकलं? काम बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि तुमचं नाव कुणाच्याच यादीत राहिलं नाही. त्या दंडाचा निम्मा भार आम्ही उचलतो. चलनाच्या प्रती घेऊन या, त्यासाठी हा अभिप्राय काढून टाकायची अट नाही.

आता कराबद्दल. दुसऱ्या घरात पैसे गुंतवून भांडवली नफ्यावरचा, म्हणजे मिळकत विकून झालेल्या फायद्यावरचा, कर वाचवायची सवलत १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ मध्ये आहे, पण ती फक्त व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळते. एलएलपीला मिळत नाही. जुलै २०२४ च्या बदलानंतरही हाच फरक दिसतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली मिळकत विकताना इथे राहणाऱ्या व्यक्तीला निवड करता येते. एकतर साधा १२.५ टक्के, नाहीतर महागाईचा हिशेब धरून २० टक्के, ज्यात कर कमी येईल ते. एलएलपीला १२.५ टक्केच. तुमचा फ्लॅट दोघा भावांच्या नावावर असता तर या दोन्ही गोष्टी हातात राहिल्या असत्या, हे खरंच आहे.

पण ‘कर वाचवायचा कोणताच मार्ग नव्हता’ असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर नाही. आणि म्हणूनच हे उत्तर घाईने टाकते आहे. कलम ५४ ईसीचे रोखे एलएलपीलाही घेता येतात. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे. विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत घ्यायचे, ५० लाखांपर्यंत घेता येतात आणि पैसे पाच वर्षं अडकतात. व्याज फार नाही. तुम्ही विक्रीची नेमकी तारीख लिहिलेली नाही. सहा महिने उलटले नसतील तर आमच्याकडेच यायला पाहिजे असं नाही, कुणाकडेही जा, पण या आठवड्यात जा.

मग २०१८ ला एलएलपी काढूच कशी दिली, असा तुमचा खरा प्रश्न आहे. तुम्ही दोघं आलात तेव्हा ‘पुढे वाटणी सोपी व्हावी’ एवढंच आम्ही ऐकलं आणि त्यावर एलएलपी हे उत्तर दिलं. करारनाम्यात हिस्से ठरतात, भागीदार बदलला तरी मिळकतीचा मालक बदलत नाही, खरेदीखत पुन्हा करावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. आम्ही विचारायला हवं होतं ते असं: घरं किती घेणार, किती वर्षं ठेवणार, विकून पुन्हा घरच घेणार का, भाडं कुणाच्या हातात हवंय? एक-दोन फ्लॅट घेऊन ठेवायचे असतील तर दोघांच्या नावावर, हिस्सा खरेदीखतात स्पष्ट लिहून घेतलेलं घर बहुतेक वेळा बरं. हिस्से ठरलेले असले की भाडं ज्याच्या-त्याच्या उत्पन्नात धरलं जातं आणि ज्याच्या-त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. एलएलपीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. शिवाय भागीदारांनी घातलेलं भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की दरवर्षी ऑडिट. पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हटल्यावर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

एलएलपी वाईट नाही. चार-पाच जण, नातं नसलेले, पैसे एकत्र करून जागा घेऊन बांधणार-विकणार असतील तर मी आजही तीच सुचवेन. कोण कधी बाहेर पडू शकतो, त्याला किती मिळेल, निर्णय कुणी घ्यायचा हे करारनाम्यात बसतं, आणि कर भरून उरलेल्या नफ्यातला वाटा भागीदाराला पुन्हा करपात्र होत नाही.

तुमच्या नव्या सल्लागारांशी माझं पटत नाही ते इथेच. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट लागतं. वार्षिक सभा, संचालकांच्या बैठका, दोन वार्षिक फॉर्म, आणि तिथेही उशिराला दिवसाला १०० रुपये आहेतच. कंपनी नफ्यावर कर भरते, मग तोच पैसा लाभांश म्हणून घरी आणला की तुमच्या उत्पन्नात पुन्हा कर. भाड्याने दिलेल्या एका गाळ्यासाठी एवढा पसारा कशाला? आणि गाळा एलएलपीकडून कंपनीला विकायचा ठरवलात तर पिंपरी-चिंचवडमध्ये आज ७ टक्के मुद्रांक शुल्क, वर नोंदणी फी, वर एलएलपीला भांडवली नफ्याचा कर. सही करण्याआधी हे आकडे त्यांच्याकडून कागदावर मागून घ्या. माझं मत म्हणाल तर गाळा आहे तिथेच राहू द्या. व्यापारी गाळ्याला कलम ५४ तसंही लागू होत नाही.

फक्त एक गोष्ट करा. तुम्ही दोघंच भागीदार आहात. दोघांपैकी एक उरला आणि सहा महिन्यांत दुसरा भागीदार आला नाही, तर त्यानंतरच्या देण्यांची जबाबदारी उरलेल्या माणसावर व्यक्तिशः येऊ शकते. ज्या संरक्षणासाठी एलएलपी काढली तेच जातं. घरातल्या कुणाला तरी तिसरा भागीदार करून घ्या. पुरवणी करारनामा आणि ३० दिवसांत फॉर्म ३ (करारनाम्यातला बदल) व फॉर्म ४ (नवा भागीदार), एवढंच काम आहे. कोविडमध्ये दोन कुटुंबांची या कारणाने झालेली धावपळ मी जवळून पाहिली आहे, म्हणून आग्रहाने सांगते.

गावाकडच्या जमिनीचं आम्हाला कधी विचारलं गेलं नव्हतं, पण उत्तर सोपं आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि एलएलपी शेतकरी ठरत नाही. तुमचं नाव सातबारावर असेल तर ती जमीन स्वतःच्या नावावर घ्या.

तुमच्या अभिप्रायानंतर काल आम्ही २०१५ पासून नोंदवलेल्या सगळ्या एलएलपी आणि कंपन्यांची यादी काढायला घेतली. वार्षिक काम आमच्याकडे नसलं तरी प्रत्येकाला मे आणि ऑक्टोबरच्या आधी लेखी आठवण जाईल, त्याचे पैसे घेणार नाही. आणि नोंदणी करण्याआधी, पाच वर्षं सांभाळायला किती खर्च येईल आणि विकताना काय होईल, हे एका पानावर लिहून त्यावर अशिलाची सही घेणार आहोत.

येताना फ्लॅटचं विक्रीखत, गाळ्याचं खरेदीखत, एलएलपीचा करारनामा आणि दंडाची चलनं आणा. शक्य असेल तर बंधूंनाही घेऊन या, तिसऱ्या भागीदाराचं दोघांसमोर बोललेलं बरं. शनिवारी सकाळी मी स्वतः ऑफिसात असेन.