ओल्युदेनिझला जाताय? कायाकॉयला अर्धा दिवस द्या, आणि ते गाव आहे तसंच राहू दे

तुर्कस्तानची सहल हल्ली आपल्याकडे बरेच जण करतात. इस्तंबूल, कपाडोकिया, पामुक्कले झालं की शेवटचे एक-दोन दिवस भूमध्य समुद्राकाठी ओल्युदेनिझला. निळंशार शांत पाणी, पाठीशी जवळपास दोन हजार मीटर उंच बाबादाग, त्यावरून पॅराग्लायडिंग करत थेट किनाऱ्यावर उतरायचं. सुंदरच आहे सगळं, मीही ते मनसोक्त अनुभवलं. पण डोंगराच्या पलीकडे, गाडीने अगदी थोड्या अंतरावर कायाकॉय आहे आणि तिकडे आपली माणसं फारशी फिरकतच नाहीत. जी जातात त्यांना ‘भुतांचं गाव’ म्हणून नेतात, फोटोपुरता वेळ देतात आणि परत बसमध्ये बसवतात. याचा मला मनापासून राग येतो.

भुतंबितं काही नाहीत तिथे. माणसं राहत होती, त्यांना जावं लागलं.

या गावाचं जुनं नाव लेविसी. ऑटोमन काळात इथे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची मोठी वस्ती होती. पहिल्या महायुद्धात यातल्या अनेकांची हकालपट्टी झाली, मग ग्रीस-तुर्कस्तान युद्ध झालं आणि जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दोन्ही देशांनी करार केला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला जाणार आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात येणार. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्येकडच्या पश्चिम थ्रेस भागातले मुसलमान तेवढे वगळले. बाकी कुणालाच विचारलं नाही. घरात कोणती भाषा बोलता हेही पाहिलं नाही. फक्त तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ‘ग्रीक’ म्हणून गेले, ग्रीक बोलणारे क्रेट बेटावरचे मुसलमान ‘तुर्क’ म्हणून आले. या उलथापालथीत दोन्हीकडची मिळून पंधरा लाखांच्या आसपास माणसं मुळासकट उपटली गेली. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांमधूनच आपलं उल्हासनगर उभं राहिलं.

ग्रीसमधून आलेले लोक या उतारावर रमले नाहीत. त्यांना शेतीला सपाट जमीन हवी होती. मग छपरांचं लाकूड, दारं, खिडक्या हळूहळू काढून नेल्या गेल्या आणि जवळच्या फेथिये शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५७च्या भूकंपाने उरलंसुरलं खिळखिळं केलं. आज उतारावर शेकडो घरं उभी आहेत आणि एकावरही छप्पर नाही.

पण ती बांधलीत कशी, ते बघा. घरं एकमेकांच्या वर, पण जरा सरकवून, म्हणजे वरच्याचा उजेड आणि समोरच्या शेतांचं दृश्य खालच्याने अडवायचं नाही. सपाट जमीन शेतीला ठेवायची आणि आपण खडकावर राहायचं. मी एका घरात बराच वेळ थांबले होते. खालच्या मजल्यावर गुरं आणि सामान, वर राहायची खोली. मधला लाकडी मजला गेलाय, त्यामुळे वरच्या खोलीची चूल भिंतीच्या अर्ध्यात अधांतरी दिसते, आतली काजळी अजून काळीच. भिंतीवर निळ्या चुन्याचा पट्टा, अगदी आपल्याकडच्या जुन्या घरांत असायचा तसा. दाराशेजारी पावसाचं पाणी साठवायचं टाकं. आणि जिथे माणसं झोपत असतील तिथे अंजिराचं झाड भिंत फोडून वर गेलेलं. खालच्या मोठ्या चर्चच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे. एकेक गोटा कुणीतरी हाताने बसवलाय.

आता माझं मत. २०१४ मध्ये तुर्की सरकारने या गावाचा काही भाग ४९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन तिथे हॉटेल आणि पर्यटनाच्या सोयी उभारायचा बेत जाहीर केला होता. ‘नाहीतर पडूनच जाईल’ हा त्यामागचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही, भिंती खरंच ढासळताहेत. पण भिंती सावरण्यासाठी खोल्या भाड्याने द्याव्या लागत नाहीत. ज्या घरातून एखाद्या कुटुंबाला जे हाताशी लागेल ते घेऊन निघावं लागलं, त्या घरात जाकुझी बसवायला माझा ठाम विरोध आहे. राहायच्या जागा खाली किनाऱ्यावर हव्या तेवढ्या आहेत. इथे माहितीचे फलक हवेत. कुठलं कुटुंब कुठल्या घरात होतं, पुढे कुठे गेलं, हे लिहिलेलं हवं. अथेन्सजवळ समुद्रकाठी निया माक्री नावाचं गाव याच भागातून गेलेल्या लोकांनी वसवलं, माक्री म्हणजे आजचं फेथिये. हे वाचायला मिळालं तर कुणी तिथे ‘हॉन्टेड’ म्हणत रील काढणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. फेथियेहून दोलमुश म्हणजे छोटी मिनीबस जाते. प्रवेशाला तिकीट आहे. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात वर सावली नावाला नाही. चपला नकोत, गोटे पायाखालून सरकतात. खाली पायथ्याशी बायका लांब बारीक लाटण्याने गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, लाटून तव्यावर भाजून देतात. पालक आणि चीजचं घ्या. पायात ताकद असेल तर परत गाडीने येऊ नका. गावामागून डोंगर चढून ओल्युदेनिझला उतरणारी पायवाट आहे, खडकांवर रंगाच्या खुणा केल्यात, दोन-अडीच तास लागतात आणि शेवटी पाइनच्या झाडांतून ते निळं पाणी वरून दिसतं. ग्रुप टूरने जाणार असाल तर बुकिंग करतानाच कायाकॉयला अर्धा दिवस मागून घ्या. चार-पाच ग्रुपांनी मागितलं की कार्यक्रमात येतं ते.