दहापैकी दहा कसे घ्यावेत

यंदा इंटर्नलमधले 'वर्गातील सहभागा'चे दहा मार्क ज्याचे त्यानं स्वतःच टाकायचे, असा प्रयोग मी केला. नवं शैक्षणिक धोरण आलंय, पोट्ट्यांवर विश्वास टाकून पाहू म्हटलं. मोबाईलवर फॉर्म पाठवला, ६१ भरून आले. त्यातल्या ५८ जणांनी स्वतःला दहापैकी दहा दिले. एवढी विद्या वाया जाऊ नये, म्हणून पुढच्या बॅचसाठी तुमच्याच युक्त्या लिहून ठेवतो.

दहाच टाका. साडेनऊवाल्यावर उगाच संशय येतो.

सहभागासाठी वर्गात यावं लागतं, हा गैरसमज काढून टाका. एक बावा जुलैपासून चाकणला कंपनीत पॅकिंगला आहे. त्याचे दहा. कारण लिहिलंय, "सर, मी ग्रुपवर नेहमी ॲक्टिव्ह असतो." खोटं नाही. सकाळचे गुलाबाचे फूलवाले मेसेज त्याचेच असतात.

कारणाचा रकाना मित्राकडून घ्या, पण घेताना वाचू नका. आठ जणांची कारणं शब्द न् शब्द सारखी आहेत आणि आठांच्या शेवटी 'धन्यवाद मॅडम' आहे. गेली अकरा वर्षं मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, मॅडम मात्र एकदाही झालो नाही.

आणि सुचेनासं झालं की लिहा, 'मी मनातल्या मनात उत्तर दिलं होतं.' हे चौदा जणांनी लिहिलंय. मला तो हमीभावाचा तास आठवला. अर्थशास्त्राचा वर्ग, यवतमाळ जिल्हा, समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या घरी कापूस. विचारलं, लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव किती? चिडीचूप. पंखा तेवढा बोलत होता. २०२५-२६ साठी ८११० रुपये क्विंटल, हे मीच फळ्यावर लिहिलं, आणि हा भाव पिकवायच्या खर्चावरून धरतात, हेही. बापाच्या गाडीत जो माल भरतो, त्याचा भाव पोराला मास्तरानं सांगायचा! मग तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, माझी माय घरच्याच वावरात निंदायला जाते, तिची मजुरी त्या खर्चात धरतात का?" अख्ख्या सेमिस्टरमधला एकमेव प्रश्न, ज्यासाठी मला खुर्चीवरून उठावं लागलं. सांगितलं, धरतात. खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांच्या राबण्याची मजुरी मिळून जो खर्च होतो, त्याला ए-२ अधिक एफएल म्हणतात आणि त्याच्या दीडपट भाव धरतात. स्वतःच्या जमिनीचं भाडं मात्र त्यात नाही. ते धरायचं तर सी-२ खर्च घ्यावा लागतो, आणि सगळं भांडण तिथंच आहे. मागचे तिघं तेव्हा रील पाहत होते. तिघांचेही दहा. मनातल्या मनात.

त्या पोरीनं स्वतःला किती टाकले असतील? सहा. कारण, "मी कधी कधी चुकीचं बोलते."

क्रूगर आणि डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठात हेच दाखवलं होतं. चाचणीत शंभरात खालून बाराव्या पायरीवर असलेली पोरं स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होती, आणि वरची हुशार पोरं स्वतःला थोडं खालीच मोजत होती. त्यांना अमेरिकेत प्रयोग करावा लागला. मला एक फॉर्म पुरला.

आता 'सर, सगळेच असं करतात' हे ऐकवू नका. मला माहीत आहे. यूजीसीनं २०१० साली प्राध्यापकांना स्वतःचे गुण स्वतः भरायचा तक्ता दिला, तेव्हा आम्ही लोकांनी काय दिवे लावले ते मी पाहिलंय. त्या तक्त्यांकडे पाहिलं तर आमच्यात कुणी सामान्य उरलाच नव्हता. पण निदान वर तपासणारी समिती असायची. तुमच्यावर मी कोणीच बसवलं नव्हतं, मुद्दाम.

वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा होतो, मी कधी एका शब्दानं बोललो का? एसटी आली नाही म्हणून कुणाची हजेरी कापली का? 'घरी कापूस वेचत होतो, म्हणून तीन' असं एकानं जरी लिहिलं असतं, तरी मी त्याला वर्गासमोर उभं करून सलाम केला असता. एकानंही लिहिलं नाही. व्यापाऱ्यानं काटा मारला की तुझा बाप घरी येऊन दोन दिवस जेवत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. इथं काटा तुझ्या हातात दिला होता, मापायचा मालही तुझाच होता. तरी मारलास ना?

फॉर्म रविवार रात्रीपर्यंत पुन्हा उघडलाय. या वेळी मार्कांच्या पुढं एक ओळ हवी, कोणत्या तासाला काय विचारलं किंवा काय बोललास. ओळ आठवत नसेल तर शून्य टाक. आणि चाकणवाल्या बावा, तू फॉर्म भरू नको, फोन कर. परीक्षेला तरी येतोस का, तेवढं सांग.