टायर नुसता बघू नका, हात फिरवून बघा

गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि मीटरवर जेमतेम २२ हजार किलोमीटर. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड साफ गोटा झालेली, बाहेरची बाजू मात्र परवाच दुकानातून आणल्यासारखी. गोव्यात, फोंड्याच्या आमच्या मिस्त्रीसमोर उभं राहून मी नेहमीचं पालुपद सुरू केलं. रस्ते बघा, खड्डे बघा, दर पावसाळ्यानंतर तीच रड, अशा रस्त्यांवर टायर टिकणार कसे. मिस्त्रीनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग उकिडवा बसला आणि माझं मनगट धरून पंजा टायरवर टेकवला. "हांगा हात लाय, पळय."

आतून बाहेर हात नेला तर सगळं गुळगुळीत. बाहेरून आत नेला तर बोटांना काहीतरी अडायला लागलं. तांबोशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात नेला की खवले जसे अडतात, अगदी तसं. "रस्त्याक कित्याक गाळी घालता?" एवढंच म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

त्या खवल्यांना कारण होतं. आदल्या पावसात बोरीच्या पुलाकडे जाताना पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यात डावं चाक जोरात आपटलं होतं. त्यानंतर गाडी सरळ जायची, पण स्टिअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं राहायचं. मला ते दिसत होतं, रोज दिसत होतं. फोंडा ते वेर्णा जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर मी त्या वाकड्या स्टिअरिंगकडे बघत गाडी चालवली आणि चवथीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू, असं करत जवळजवळ वर्ष काढलं. म्हणजे खड्डा रस्त्याचा हे खरं, पण पुढचे दहा हजार किलोमीटर माझे.

याचा हिशेब मी नंतर घरी बसून केला. चाक पाव अंशानं तिरकं झालं तर ते पुढे घरंगळता घरंगळता आडवंही ओढलं जातं. साधी त्रिकोणमिती आहे, दर किलोमीटरला चार मीटरांहून थोडं जास्त. माझं चाक नक्की किती तिरकं होतं ते आता आठवत नाही, पण पाव अंशच धरा. दहा हजार किलोमीटरमध्ये चाळीस किलोमीटर टायर आडवा फरफटला. कुणी चप्पल आडवी घासत फोंड्याहून म्हापशापर्यंत चालत गेला, तर त्या चपलेचं काय होईल? अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन परत जुळवून घ्यायला, तेव्हा पाचशे रुपये पडले असते. दोन टायरांना नऊ हजार गेले.

चपलेवरून आठवलं. जुना चांभार चप्पल उलटी करून सांगायचा की तुम्ही टाचेच्या बाहेरच्या बाजूवर भार देऊन चालता. टायरचंही तसंच असतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग जाड राहिला, तर टायर कमी हवेवर चालला आहे. मधला पट्टा झिजून कडा राहिल्या, तर हवा जास्त. एकच कड गेली, तर चाकाचा कोन बिघडलाय. हात फिरवल्यावर खवले लागले, तर चाकं एकमेकांना समांतर नाहीत. आणि परिघावर थोड्या थोड्या अंतरानं खळगे लागले, जणू कुणी चमच्यानं खरवडून काढलेत, तर शॉकअब्सॉर्बर संपलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. एवढं कळायला मशीन लागत नाही. फक्त आतल्या कडेपर्यंत हात पोचायला स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी करावी लागते आणि आपण नेमकं तेच करत नाही. बाहेरून टायर छान दिसतो, आपण खूश. (एक सावधगिरी: टायर फारच गेलेला असेल तर आतली तार बाहेर आलेली असते, हात चिरतो. आधी नजर टाका, मग हात लावा.)

आता हवेबद्दल. हा माझा खरा रागाचा विषय आहे.

पंपावर हवा भरणारा पोरगा विचारतो, "किती?" आणि शंभरातले नव्वद जण सांगतात, "मार पस्तीस." कुणी शिकवलं हे पस्तीस पौंड? गाडीला किती हवा लागते ते कंपनीनं ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर लावून लिहून ठेवलेलं असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. बहुतेक स्टिकरवर दोन आकडे असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि गाडी भरलेली असताना वेगळा. चवथीला आपण काय करतो? पाच माणसं, डिकीत गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, नारळ, फटाके, आईनं दिलेली तांदळाची पिशवी, आणि निघालो सत्तरीला मूळ घरी. हवा मात्र एकट्यानं ऑफिसला जातानाची. मग टायर पोट टेकून चालतो, त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात, वाकल्या की तापतात, आणि रबराला तापण्याइतकं दुसरं काहीच मारत नाही.

टायरच्या अंगावरही एक आकडा कोरलेला असतो. तो बघून हवा भरणारे महाभाग मी पाहिलेत. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची गरज नव्हे. आणि हवा मोजायची ती टायर गार असताना, म्हणजे सकाळी, गाडी निघायच्या आधी. वेर्ण्याहून तापलेल्या डांबरावरून येऊन पंपावर मोजली तर तीन-चार पौंड जास्तच दिसणार. पोरगा म्हणतो "साहेब, जास्त आहे", फुस्स करून सोडून देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कमी हवेवर निघता. मी शेवटी दोनेक हजारांचा छोटा पंप घेतला, गाडीतल्या सॉकेटला लागतो. महिन्यातून दोन रविवार, चहाच्या आधी, चार चाकं आणि स्टेपनी. दहा मिनिटं. बायको म्हणते देवाला फुलं घालण्यापेक्षा तू चाकांची पूजा जास्त नेमानं करतोस. म्हणू दे.

नायट्रोजनबद्दल दर वेळी विचारलं जातं, म्हणून सांगून टाकतो. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, गळतोही किंचित हळू, यात खोटं काही नाही. पण नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने चाकाकडे न बघणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्यापेक्षा फुकटची हवा दर पंधरवड्याला मोजणारा बरा.

गोव्यात टायर मरायची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात टायर झिजतच नाही.

माझा मेव्हणा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. पेडण्याला घराच्या पोर्चमध्ये त्याची गाडी कापड घालून उभी असते. गेल्या वेळी आला तेव्हा म्हणाला, "भावोजी, टायर अजून नवे आहेत, नऊ हजार किलोमीटर फक्त." खाचा खरंच खोल होत्या. मी टॉर्च घेऊन बाजूच्या भिंतीवर बघितलं तर केसासारख्या बारीक चिरा सगळीकडे, उन्हाळ्यातल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. टायरच्या अंगावर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. त्याच्या टायरवर होतं १६१८, म्हणजे २०१८ सालचा सोळावा आठवडा. मीटर नऊ हजारच दाखवत होतं, पण रबर म्हातारं झालेलं. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असं टायर कंपन्याच सांगतात.

त्यातून अशी गाडी एकाच जागी उभी. हवा हळूहळू उतरते, खालचा भाग चपटा होतो, गाडीचं सगळं ओझं त्याच चार तळहाताएवढ्या जागांवर महिनोन्‌महिने. आमच्यात अशी घरं किती आहेत बघा. कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी लंडनला, आणि गाडी पोर्चमध्ये. मागे राहिलेले आई-बाबा गाडी धुतात, वर काळं पॉलिश लावून टायर चकचकीत करतात. त्या पॉलिशखाली चिरा दिसत नाहीत हेच त्याचं मोठं काम. शेजारच्या पोराला सांगा, आठवड्यातून एकदा गाडी गावात फिरवून आण. तो आनंदानं आणेल, पेट्रोल तेवढं तुमचं.

नवीन टायर घेतानाही हा आठवड्याचा आकडा बघून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. टायरचा एवढा मोठा कारखाना आपल्याकडे उसगावात आहे, आणि आपण मात्र दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नवीन म्हणून घरी आणायचा?

नवीन दोन टायर घेतले तर ते कुठे घालायचे यावरून माझं दुकानात भांडण झालंय. पुढचे लवकर झिजतात कारण इंजिन पुढे, वळणं पुढची चाकं घेतात, ब्रेकचा भारही पुढेच. म्हणून माझे पुढचे गेले. दुकानदार नवीन जोडी पुढे घालायला निघाला, मी म्हटलं मागे घाला आणि मागचे पुढे आणा. तो हसला. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, आपण पाय काढतो, ती सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि चोर्ल्याच्या घाटात फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्या हातातली गोष्ट नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हे पाठ असायला हवं. कायद्यानं खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, तेवढ्या उंचीच्या रबराच्या लहान गाठी खाचांच्या तळाशी असतातच. पण मी तीनला आलो की मेमध्येच बदलतो. जुलैत पणजीच्या अटल सेतूवर पाणी साचलेलं असताना दीड मिलिमीटरवर विश्वास टाकायची माझी छाती नाही.

दर आठ-दहा हजारांना चाकांची अदलाबदल केली तर चारही सारखे झिजतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि फार थोडे करतात. टायरवर बाण असेल तर मात्र पुढचा मागे आणि मागचा पुढे, बाजू बदलायची नाही.

बाकी बारीकसारीक. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात फटीत गाडी घुसवताना उभ्या गाडीत गरागरा स्टिअरिंग फिरवणं सोडा, गाडी बोटभर सरकू द्या आणि मग फिरवा. चिऱ्याच्या पायरीवर एक चाक चढवून गाडी लावू नका. बाजूच्या भिंतीतले दोरे तुटले की फुगा येतो आणि त्याला इलाज नाही, टायर फेकायचाच. पंक्चर झाल्यावर "पंप समोरच आहे" म्हणून चाक बसलेल्या अवस्थेत नेऊ नका. असा एक टायर रिमवरून उतरवलेला मी पाहिलाय. आतून मूठभर काळा भुगा पडला. ती टायरची भिंत होती, आतून दळलेली.

आता माझी सध्याची भानगड. मागचं डावं चाक आठवड्याला दोन पौंड उतरवतं. खिळा नाही, चीर नाही, दोन दुकानांत दाखवलं, दोघांनी पाण्यात बुडवून "काय ना" म्हणून परत दिलं. आज दुपारी भांडी घासायच्या साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हच्या बुडाशी ओतलं आणि व्हॉल्व्ह बोटानं थोडा वाकवला. बारीक बुडबुडे, एकामागून एक. टायर बदलताना दुकानदार म्हणाला होता, व्हॉल्व्ह जुनाच चालेल. मी मान हलवली होती.